मदत हवी आहे: आडनावाच्या डोमेनवर ट्रेडमार्कची नोटीस

नमस्कार मंडळी. आमच्या आडनावाचं डॉट इन डोमेन (वेबसाइटचा पत्ता) भावाच्या नावावर आहे. त्यावर घरच्यांचे ईमेल आणि गावच्या जत्रेचे जुने फोटो, बास. विक्री नाही, जाहिरात नाही. आता त्याच नावाच्या एका मसाला कंपनीच्या वकिलाची नोटीस आलीय: नाव आमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, डोमेन सोडा. उद्या रेशनकार्डावरचं नावही मागतील!

डॉट इनचे वाद निक्सीच्या (डॉट इन डोमेनचा कारभार पाहणारी संस्था) आयएनडीआरपी या वाद सोडवायच्या धोरणाखाली लवादाकडे जातात. नावातलं साम्य, डोमेनधारकाचा हक्क नसणं आणि बदहेतू, हे तिन्ही तक्रारदाराने दाखवायचं. डॉट कॉमला नोंदणी आणि वापर दोन्ही बदहेतूने लागतात, इथे एक पुरतं. धाकधूक तिथेच आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ३५ स्वतःच्या नावाच्या प्रामाणिक वापराला संरक्षण देतं, ही आमची जमेची बाजू.

वकिलाने फोनवर ‘किती घ्याल?’ असंही विचारलं. भाऊ आकडा सांगायला निघाला होता, मी अडवलं. विकायची तयारी हाच बदहेतूचा पुरावा ठरू शकतो.

अशा लवादापुढे कुणी स्वतः उत्तर दिलंय का? जुने ईमेल आणि फोटोंचं पान पुरावा म्हणून कसं जोडायचं? पुण्यात या कामातले वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा.