मदत हवी आहे : माँतेन कुठून वाचायला घ्यावा?

नमस्कार मंडळी. मिशेल द माँतेन (१५३३–१५९२) या फ्रेंच निबंधकाराने सध्या डोक्यात ठाण मांडलंय. १५७१ साली, ३८व्या वर्षी, न्यायालयातलं पद सोडून हा गडी बुरुजातल्या ग्रंथालयात जाऊन बसला. तुळयांवर ग्रीक-लॅटिन वचनं लिहवून घेतली. जिवलग मित्र ला बोएसी आधीच गेलेला, पुढे मुतखड्याने छळलं, बाहेर कॅथलिक-प्रोटेस्टंट यादवी. आणि हा लिहितो काय, तर घाईघाईत जेवताना आपली जीभ चावली जाते, कधीकधी बोटंसुद्धा! इतकं निर्मळपणे स्वतःकडे बघणं मला भारी वाटतं.

संत मात्र तो नव्हे. १५८५मध्ये बोर्दो शहरात प्लेग होता आणि तिथले महापौर असलेले हे महाशय शहराबाहेरच राहिले. (मला तर त्यामुळे तो जास्त जवळचा वाटतो.)

आता अडचण अशी की आपल्याकडे ना बुरूज, ना जहागीर. नोकरी-संसार सांभाळून त्याच्याकडून नेमकं काय उचलता येतं? तुम्ही काय उचललंत? शेवटचा, अनुभवावरचा निबंध आधी वाचला तर चालेल का? इंग्रजीत फ्रेमचा अनुवाद घ्यावा की स्क्रीचचा? मराठीत काही असेल तर आधी तेच सांगा.