भाड्याने सर्व्हर पाडणाऱ्या पोरांचं कौतुक थांबवा

धरमपेठकर:
ओळखीतल्या अकरावीच्या एका मुलाने 'बूटर' म्हणजे पैसे घेऊन हल्ला करून देणाऱ्या भाड्याच्या सेवेवरून गेमचा सर्व्हर बंद पाडला. घरचे म्हणतात, पोरगं हुशार आहे. मला यात हुशारी दिसत नाही. पत्ता टाकायचा, वेळ निवडायची, बटण दाबायचं. या हल्ल्याला डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात, त्यात कुठलं कुलूप उघडत नाही. खोट्या विनंत्यांचा एवढा लोंढा सोडतात की खऱ्या माणसाला आत शिरता येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या साथीने पोलिसांनी वेबस्ट्रेसर ही अशीच सेवा बंद केली, तेव्हा तिचे १,३६,००० हून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते होते आणि भाडं महिना १५ युरोपासून. पूर्वीच्या हौशी पोरांना निदान प्रोटोकॉल, म्हणजे संगणक एकमेकांशी कसे बोलतात त्याचे नियम, वाचावे लागत. आता हौस उरली, शिकणं गेलं.

मानेवाडा_लिनक्स:
'पूर्वी' म्हणजे कधी, भाऊ? १९९६ मध्ये 'फ्रॅक' आणि '२६००' या हॅकरांच्याच नियतकालिकांनी सिन फ्लडचा, म्हणजे अर्धवट जोडण्यांच्या लोंढ्याने सर्व्हर अडवण्याचा, तयार कोड छापला आणि त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट सेवा कित्येक दिवस कोलमडली. फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, सीएनएन अडवणारा 'माफियाबॉय' मॉन्ट्रियलचा १५ वर्षांचा मुलगा होता, हत्यारं दुसऱ्यांनी लिहिलेली.
उलट २०१६ चं मिराई हे हल्ल्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तिघांना सगळं येत होतं. कॅमेरे आणि राउटरचे कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून त्यांनी ती उपकरणं ताब्यात घेतली, त्यांची फौज उभी केली, आणि तीही माइनक्राफ्ट या गेमच्या सर्व्हरच्या धंद्यातल्या चढाओढीतून. शिकलेला पोरगा सरळ वागतो, हे तुम्ही गृहीत धरताय.

धरमपेठकर:
सरळ वागतो असं मी म्हटलं नाही. पण त्याच तिघांना २०१८ मध्ये तुरुंगाऐवजी २,५०० तासांची समाजसेवा मिळाली, कारण ते एफबीआयला खरोखर उपयोगी पडत होते. ज्याने फक्त भाडं भरलं, त्याच्याकडे चांगल्या कामाला वळवावं असं काय आहे?

सक्करदरा_केबल:
तुम्ही दोघं संस्कृतीवर बोलून राहिले, इकडे गल्लीचं नेट जाऊन राहिलं त्याचं काय? आयपी पत्ते, म्हणजे नेटवरचे घर नंबर, कमी, म्हणून आम्ही एका पब्लिक आयपीमागे कितीतरी घरं ठेवतो. एक पोट्टा गेममध्ये हरला, त्यानं दुसऱ्याच्या आयपीवर लोंढा सोडला की सगळ्यांचं नेट लटकते. वरच्या कंपनीला फोन केला तर ती तो आयपीच ब्लॅकहोल करते, म्हणजे त्याच्याकडे येणारं सगळंच टाकून देते. लोंढा थांबतो, पण त्यामागची सारी घरं बंद. हल्ला करणाऱ्याला जे पाहिजे होतं, ते आम्हीच पुरं करून देतो! त्या वेळी कोणी परीक्षेचा फॉर्म भरत असते, कोणाची ऑनलाइन मुलाखत असते. शिव्या आम्ही खातो.

महालची_वकील:
कायदा स्पष्ट आहे. आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये हक्काच्या वापरकर्त्याला संगणकापासून अडवणं येतं आणि ते अप्रामाणिक हेतूने केलं तर ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे अकरावीतल्या मुलाच्या आईबापाला कोणी सांगितलंय का?

मानेवाडा_लिनक्स:
ताई, कलमांची भीती दाखवून हौस मरत नाही.

महालची_वकील:
भीती नको, माहिती द्या. ब्रिटनच्या एनसीए या गुन्हे तपास संस्थेने २०१८ च्या पूर्वार्धात गुगलवर बूटर शोधणाऱ्यांना एवढीच जाहिरात दाखवली की हा गुन्हा आहे. केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की त्या काळात तिथल्या हल्ल्यांची वाढ थांबली. बऱ्याच मुलांना हा गुन्हा वाटतच नाही, आणि घरातलं कौतुक त्यात भर घालतं.

मानेवाडा_लिनक्स:
मान्य, पण सगळं ओझं पोरांवर का? खोटा पत्ता लावून निघालेली पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, उगमाशीच अडवा, ही बीसीपी ३८ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाची शिफारस २००० पासून आहे. सक्करदरावाले भाऊ, तुमच्याकडे आहे का ते फिल्टर?

सक्करदरा_केबल:
आहे, पहिल्यापासून. त्यानं आमच्या गल्लीतून खोटं पाकीट बाहेर जात नाही, एवढंच. लोंढा येते बाहेरून. तिथल्यांनी नाही लावलं तर माझ्या फिल्टरनं माझं एकही घर वाचत नाही.

धरमपेठकर:
म्हणूनच त्या मुलाला रविवारी तुमच्याकडे आणतो, भाऊ. लोंढा आला की एका आयपीमागची किती घरं बंद पडतात, ते तुमच्या स्क्रीनवर दाखवाल का?

सक्करदरा_केबल:
आणा. बापालाही आणा.