टेकडीवर एअरसॉफ्ट खेळावं का?

रोजचा_फेरा: गेल्या रविवारी आईबरोबर वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूने उतरत होतो. झुडपामागून एक मुलगा उठला. अंगात लष्करी कपडे, हातात हुबेहूब एके-47. आई दोन्ही हात वर करून जागीच खाली बसली. पोरगा धावत आला, "आजी, खेळण्यातली आहे" म्हणाला, स्वतःची पाण्याची बाटली दिली. सभ्य मुलगा होता. तरी माझं मत पक्कं झालंय: जिथे लोक फिरायला येतात तिथे हा एअरसॉफ्टचा, म्हणजे नकली बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या गोळ्या झाडायचा खेळ नको.

खाणीचा_गडी: दादा, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण सरसकट नको म्हणू नका. आम्ही सगळे गॉगल घालतो, दोन्ही वाटांवर एकेक जण उभा करतो. कुणी येताना दिसलं की शिट्टी, लगेच खेळ बंद. भाड्याची मैदानं कॉलेजच्या पोरांना परवडत नाहीत हो. आणि गोळी 6 मिलिमीटरची, प्लास्टिकची. लेदर बॉल याहून जोरात लागतो.

चष्मेवाली: लेदर बॉल येताना दिसतो तरी. 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला 100 मीटरने सुटली की एक जूल ऊर्जा होते. मांडीवर वळ उठेल, डोळ्यात गेली तर आत रक्त उतरू शकतं. तुम्ही गॉगल घालता; करवंदं काढायला जाळीत शिरलेल्या पोराचं काय? शिट्टीवाल्याला वाट दिसते, जाळी नाही.

लेस्टरकर: मी इंग्लंडमध्ये दर महिन्याला खेळतो. इथे 2003 च्या कायद्यापासून सबळ कारणाशिवाय नकली बंदूकही सार्वजनिक जागी बाळगणं गुन्हा आहे. ती बंद बॅगेतून मैदानावर जाते, तिथे गोळीचा वेग मोजतात, मगच खेळ. मजा तसूभरही कमी होत नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला 2014 साली 12 वर्षांचा तामीर राइस बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. पिस्तूल खेळण्यातलं आहे हे दाखवणारं नारिंगी टोक निघालेलं होतं. पोलीस आले आणि दोन सेकंदांत गोळी झाडली. पोरगं गेलं.

खाणीचा_गडी: हे माहीत नव्हतं. आमच्यातल्या तिघांनी टोकं काळी रंगवलीत, खरी दिसावीत म्हणून. आजच रंग काढायला सांगतो. पण टेकडी सोडून जायचं कुठे, तेही कुणी सांगा.

मोरपीस: पाऊस पडून गेला की तुमच्या पांढऱ्या गोळ्या मातीतून वर येतात. परवा मूठभर वेचल्या. तिथेच मोर दाणे टिपतात.

रोजचा_फेरा: गडी, रविवारी साडेसहाला खाणीपाशी येतो. वाटेवर उभे राहणाऱ्या दोघांना आण. तिथून नक्की काय दिसतं आणि काय नाही, ते एकदा बरोबर उभं राहून बघू. आई मात्र येणार नाही म्हणतेय.