नेट निघाली, जेआरएफ हुकली. पीएच.डी.साठी आता कुठं बघावं?

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. नांदेडचा आहे, एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री. सीएसआयआर नेट (विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) निघाली, जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) थोडक्यात हुकली. सध्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवायलोय. मानधन कधी येईल ते प्राचार्यांनाही ठाऊक नाही. विद्यापीठाच्या पेटची (पीएच.डी. प्रवेश परीक्षेची) वाट बघावी, का दुसरीकडं हातपाय हलवावेत? पुण्याला राहायचं तर पदरी पैसा पाहिजे.

मांजरातीर: पेटच्या भरवशावर बसू नका भाऊ. 2024 पासून जेआरएफ नसली तरी नेटच्या मार्कांवर पीएच.डी.ला प्रवेश मिळतो. 70 टक्के वजन नेटला, 30 मुलाखतीला. पण हे मार्क एकच वर्ष चालतात, तेव्हा निकालाची तारीख आधी काढा.
दुसरं, जागा शेवटी गाइडकडं असते. प्राध्यापकाकडं 8, सहयोगीकडं 6, सहायककडं 4 विद्यार्थी. कोणाकडं कोण सुटायलंय ते आत्ताच जाऊन विचारा. जाहिरात निघेपर्यंत बऱ्याच जागा बोलून झालेल्या असतात.

दुधनाकाठची: मी जालन्याची. माझीही जेआरएफ नव्हती, म्हणून सांगते. तुम्हाला ‘प्रोजेक्ट जेआरएफ’ माहीत नाही का? एखाद्या प्राध्यापकाला केंद्राचा प्रकल्प मिळाला की त्यात पद असतं, आणि तिथं नुसती नेटही चालते. महिना 37,000, वर घरभाडं. एनसीएल, आयसर या पुण्यातल्या संशोधन संस्थांच्या वेबसाइटवर या जाहिराती येतात, मुदत जेमतेम दोन-तीन आठवडे. सोमवारी सकाळी बघायची सवयच लावून घ्या.
एक मात्र रुजू होण्याआधी विचारा: याच कामावर पीएच.डी.ची नोंदणी होईल का? मी विचारलं नव्हतं. प्रकल्प संपला, हातात अनुभवाचा दाखला तेवढा राहिला. दोन वर्षं गेली.
गाइड निवडताना शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या वेबसाइटवर) त्यांचं नाव टाका. किती जणांचे प्रबंध झाले, कोणत्या साली, सगळं दिसतं. मग त्यातल्या एखाद्याला गाठून चहा पाजा. सरांच्या घरचा गॅस सिलिंडर कोण आणतो, ते त्या चहावरच कळतं.

परभणीकर: सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी तुमच्या प्रवर्गाला जी लागू असेल तिची फेलोशिपही बघा. ती पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावरची गोष्ट, म्हणून कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा. नॉन क्रिमीलेयर लागणार असेल तर तहसीलच्या चकरा धरून चाला.

गोदाकाठ: निकालाला आठ महिने झालेत, म्हणजे हातात चारच राहिले. उद्या दोन गाइडना भेटायलोय. ताई, पुण्याच्या एका लॅबला मेल लिहिलाय, नजर टाकाल?

दुधनाकाठची: पाठवा. त्यांचे दोन पेपर वाचून लिहिलाय ना? आणि वर ‘सर/मॅडम’ असं तिरकी रेघ मारून ठेवलं असेल तर आधी ते काढा. बाई आहेत का बुवा, तेवढं तरी बघून घ्यावं.