मदत हवी आहे: नव्या देशाची पहिली निवडणूक
कादंबरी लिहितोय. काळ दीडशे वर्षं पुढचा, बेटांचा एक देश, स्वतंत्र होऊन जेमतेम ८ महिने. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आलीय आणि मी मतदार यादीवरच अडकून बसलोय.

नागरिक कोण हेच ठरलेलं नाही, तर यादी करायची कशावरून? भारतात १९५१-५२ ला सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली, कारण स्वतःचं नाव न सांगता त्यांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगितलं होतं. असंच काहीतरी हवंय, पण उचललेलं वाटायला नको.

मतदानाची पद्धत मात्र सापडली. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात लोक हव्या त्या उमेदवाराच्या ड्रममध्ये गोटी टाकत आले. आत घंटी वाजते, एकाच मतदाराच्या वेळी दोनदा वाजली की चोरी पकडली. (भविष्यात गोट्या? मला तरी आवडलं.)

आता खरी अडचण. आग्नेय आशियातल्या पूर्व तिमोरने २००१ मध्ये संविधान सभा निवडली आणि पुढे तीच संसद झाली. माझ्याकडे तसं केलं तर हरलेला पक्ष गप्प का बसेल? आणि जुन्या सत्तेचे सैनिक अजून बंदरावर असताना रात्रभर ड्रमची राखण कुणी करायची? निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेलं कुणी असेल तर जरा सांगा.