हॉरर-कॉमेडी आणि रॉक डॉक्युमेंटरी सुचवा (पॅरिसच्या लांडग्याने पोपट केला)

उनाडपंत
मंडळी, शनिवार रात्रीसाठी मदत हवी आहे.

‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ (१९८१) माझा अत्यंत लाडका सिनेमा. त्याचा १९९७ चा ‘पॅरिस’वाला पुढचा भाग इतकी वर्षं मुद्दाम टाळला होता. परवा धाकट्या भावाने हट्ट धरला म्हणून लावला आणि पार पोपट झाला. हिरोला हिरॉईन भेटते कुठे, तर आयफेल टॉवरवर. ती जीव द्यायला उडी मारते आणि हा बंजीची दोरी बांधून तिच्यामागे! ज्युली डेल्पी आहे म्हणून तेही खपवून घेतलं. पण लांडगा पडद्यावर आला आणि भावाने मोबाईल हातात घेतला तो शेवटपर्यंत.

भाऊ या शनिवारी पुन्हा येतोय. तर (१) खरोखर घाबरवेल आणि हसवेल अशी हॉरर-कॉमेडी, दुसरा भाग असला तरी चालेल. (२) तो गिटार शिकतोय, त्यामुळे एखाद्या रॉकवाल्यावरची डॉक्युमेंटरी. ‘गरिबी, यश, ड्रग्ज, पुनरागमन’ हा साचा मात्र नको.

शेवगाठी
रुमाल टाकून ठेवतेय. स्वयंपाक उरकला की लिहिते.

तिरकीट
पंत, सांत्वन स्वीकारा. ‘पॅरिस’मध्ये ना ‘लंडन’चा दिग्दर्शक जॉन लँडिस, ना मेकअपवाला रिक बेकर. मग उरलं काय? ‘लंडन’मध्ये माणसाचा लांडगा होतो तो भर उजेडात, दिवाणखान्यात. तळहात डोळ्यांदेखत लांबत जातो, पाठीचे मणके वर येतात आणि मागे सॅम कुक निवांत ‘ब्लू मून’ गातोय. सगळं रबर, केस आणि यंत्रांची करामत. मेकअपसाठी नियमित ऑस्कर सुरू झालं तेव्हा पहिलं बेकरलाच मिळालं. ‘पॅरिस’चा लांडगा संगणकातला, त्याला वजनच नाही.

पण माझ्या मते खरी गोची तंत्रात नाही. ‘लंडन’मधला मेलेला जॅक आठवा. मित्राला भेटायला हॉस्पिटलात येतो, त्याच्या ताटातला टोस्ट मागतो, आणि बोलताना गळ्याचं फाटलेलं कातडं लोंबत हलत असतं. दर भेटीत तो आणखी सडलेला. आपण हसतो, पण नजर त्या कातड्यावरून हटत नाही. लँडिसने भीतीची थट्टा कुठेच केलेली नाही. ‘पॅरिस’मधली भुतं नुसते पीजे मारायला येतात.

तुमच्यासाठी: ‘ईव्हिल डेड २’ (१९८७). दुसरा भाग पहिल्याला खाऊन टाकतो अशी दुर्मीळ केस. हिरोचा स्वतःचा हात भुताने धरलेला, आणि तो हात त्याच्याच डोक्यावर बशा फोडतोय. त्या प्रसंगात ब्रूस कॅम्पबेल एकटा मारामारी करतो आणि तरी दोघं असल्यासारखं वाटतं.

कोकमसरबत
तिरकीट यांना अनुमोदन. अवांतर: आपल्या ‘झपाटलेला’चं (१९९३) हेच तर होतं. रामदास पाध्यांचा बाहुला भारी होताच, पण आपली तंतरायची ती लक्ष्याकडे बघून. तो विनोदासाठी घाबरल्याचं सोंग करत नव्हता, त्याला दरदरून घाम फुटायचा. ‘झपाटलेला २’ (२०१३) आला तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन आठेक वर्षं झाली होती. थ्रीडी चष्म्यातून तात्या विंचू अंगावर आला खरा, पण पडद्यावर त्याला तसं घाबरणारं कोणी नव्हतं. माझी मुलगी मजेत टाळ्या वाजवत होती, तिथेच मी समजलो.

शेवगाठी
आले. पंत, डोळे झाकून ‘ॲनव्हिल! द स्टोरी ऑफ ॲनव्हिल’ (२००८) लावा. टोरांटोचा मेटल बँड. १९८४ ला जपानमध्ये स्कॉर्पियन्स, व्हाइटस्नेक, बॉन जोव्ही यांच्यासोबत एकाच महोत्सवात वाजवलं. बाकीचे कुठल्या कुठे गेले आणि यांचा गायक लिप्स पन्नाशीत बर्फातून गाडी हाकत शाळांना जेवण पोचवतोय. पुनरागमन म्हणावं तर आधी काही हाती आलेलं असावं लागतं ना!

युरोप दौरा म्हणजे नुसता गोंधळ. गाड्या चुकतात. प्रागमध्ये उशिरा पोचले म्हणून क्लबवाला पैसे द्यायला तयार नाही, लिप्स त्याच्या अंगावर धावून जातो. ट्रान्सिल्व्हेनियात भलामोठा हॉल आणि प्रेक्षक पावणेदोनशेच्या आसपास. ड्रॅक्युलाच्या गावात भुतंसुद्धा फिरकली नाहीत म्हणायची. दिग्दर्शक साशा जर्व्हासी पोरवयात याच बँडचं सामान उचलायचा, म्हणून तो हसतो पण हिणवत नाही. लिप्सची थोरली बहीण नव्या अल्बमसाठी पैसे काढून देते तिथे मी रडले.

आणि एक पर्याय: ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ (२०१४). वेलिंग्टनमध्ये एका घरात राहणारी व्हॅम्पायर मंडळी, चित्रण डॉक्युमेंटरीच्या थाटात. भांडण कशावरून, तर एकाने पाच वर्षं भांडी घासलेली नाहीत. तुमच्या दोन्ही मागण्या एका फटक्यात.

गडी अंगाला राख
‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’चं (२०१२) नाव कसं नाही कोणी घेतलं? ऑस्कर आहे त्याला.

तिरकीट
मुद्दाम घेतलं नाही. ती ज्याच्यावर आहे त्या गायक रॉड्रिगेझची गाणी अप्रतिम. पण सिनेमा म्हणतो दक्षिण आफ्रिका सोडली तर जग त्याला विसरलं, आणि हा भला माणूस १९७९ आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात दौरे करून आलेला! ते सोयीस्कर गाळलंय. गोष्ट रंगवायला एवढं गाळावं लागत असेल तर मला नको. त्यापेक्षा ‘बीवेअर ऑफ मिस्टर बेकर’ (२०१२). ‘क्रीम’ या रॉक बँडचा ड्रमर जिंजर बेकर सुरुवातीलाच काठीने दिग्दर्शकाचं नाक फोडतो. वाईट माणूस, पण वाजवतो तेव्हा बोलती बंद.

गडी अंगाला राख
गाळलं ते खरं, पण केपटाऊनची १९९८ ची मैफल बघताना काटा येतो तो येतोच. पंतांनी दोन्ही बघावेत.

उनाडपंत
सगळ्यांना दंडवत. ठरलं: ‘ईव्हिल डेड २’ आधी, मग ‘ॲनव्हिल’. ‘बेकर’ रविवारी, भाऊ टिकला तर.

शेवगाठी
उलट करा पंत. ‘ॲनव्हिल’ आधी लावा. रात्री एक वाजता संपली तर भाऊ तिथेच गिटारचा अँप काढून बसेल आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या फ्लॅटचा नंबर झळकेल.