संक्रांत दहाची की चौदाची? सोसायटीच्या ग्रुपवर, शनिवार १० जानेवारी

लेले काकू (बी-३०४), सकाळी ७.५२: सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला 🙏 गुळाच्या पोळ्या केल्यात, हव्या असतील त्यांनी डबा घेऊन या.

सावंत (सेक्रेटरी): काकू, आज दहा तारीख. संक्रांत बुधवारी आहे. खाली नोटीस लावली आहे, हळदीकुंकू १४ ला संध्याकाळी ६, क्लबहाऊस.

लेले काकू: तुमची बुधवारी. आमची आजच. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीचं, आमच्याकडे टिळक पंचांग.

तन्मय (ए-६०२): म्हणजे सूर्याने बी विंगसाठी चार दिवस आधी मकरेत एन्ट्री घेतली 😂

लेले काकू: घेतली बाबा. आधी पोळी खायला ये, मग हस.

तन्मय: आलोच. पण खरं सांगू का, दहाही चूक आणि चौदाही चूक. उत्तरायण २१ डिसेंबरलाच सुरू झालं, रात्री साडेआठच्या सुमारास. आपण सगळेच तीन आठवडे लेट. थोतांड आहे सगळं.

पाठक काका (सी-१०२): (फॉरवर्ड) आपल्या ऋषींनी दुर्बिणीशिवाय शोधून काढलं की १४ जानेवारीला सूर्य उत्तरेकडे वळतो. नासाने हे आता मान्य केलं. अभिमान असेल तर दहा ग्रुपवर पाठवा 🚩

तन्मय: काका, नासाने कधी मान्य केलं? लिंक?

पाठक काका: तुम्हाला सगळ्याची लिंक लागते. आजीच्या गोष्टीचीही लिंक मागाल.

सावंत: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया लक्षात ठेवावे.

कांबळे मॅडम (ए-२०१): सावंत, हळदीकुंकू सोसायटीचंच काम आहे. चालू द्या. देशमुख काका कुठे आहेत?

देशमुख काका (बी-७०१): आहे आहे, दूध आणायला गेलो होतो. तन्मय, तारीख तुझी बरोबर, पण थोतांड म्हणायची घाई नको. यात दोन गोष्टींची गल्लत होते. सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो ते उत्तरायण. सूर्य मकर राशीत शिरतो ती संक्रांत. तिसऱ्या ते सहाव्या शतकाच्या दरम्यान कधीतरी या दोन्ही एकाच दिवशी येत होत्या. नेमकं कधी, हे राशींची सुरुवात कुठून धरता त्यावर आहे. त्या काळी संक्रांतीलाच उत्तरायण, हे शंभर टक्के खरं होतं. नंतर दोघांची फारकत झाली आणि आपण दोन्ही नावं एकाच दिवसाला चिकटवून ठेवली.

कांबळे मॅडम: परांचन, म्हणजे पृथ्वीचा आस डोलणं. नववीला शिकवते मी, मुलं झोपतात.

देशमुख काका: मॅडम, मुलांना भोवरा फिरवून दाखवा. वेग कमी झाला की त्याचा दांडा डोलतो, तसा पृथ्वीचा आसही डोलतो. एक डोलणं पुरं व्हायला जवळपास २५,८०० वर्षं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्या फुगवट्याला चंद्र-सूर्य ओढतात, म्हणून हे होतं. कारण न्यूटनने १६८७ मध्ये सांगितलं, पण डोलणं त्याच्या फार आधी लक्षात आलं होतं. ग्रीक हिपार्कसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ते टिपलं. ७२ वर्षांत एक अंश. इंग्रजी तारखा ऋतूंना धरून, आपल्या राशी ताऱ्यांना धरून, म्हणून आपली संक्रांतही साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी. आता १४-१५ वर आलो.

तन्मय: मग २०२४ ला १५ आणि २०२५ ला १४ कशी? मागे गेली की.

देशमुख काका: ती लीप वर्षाची करामत. दर वर्षी संक्रांतीची वेळ सव्वासहा तासांच्या आसपास पुढे जाते, आणि २९ फेब्रुवारी येऊन गेला की एकदम एक दिवस मागे येते. ती पुढेमागे होत राहणार. शतकाचा हिशेब मात्र पुढेच जातो.

सावंत: काका एक विचारतो. पानिपत १४ जानेवारी १७६१. संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत आली, असं आमचे सर सांगायचे.

देशमुख काका: मलाही तसंच शिकवलं. पण मागे हिशेब करत जा. १७६१ ची संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास पडते. लढाईच्या दिवशी ती होऊन चार दिवस झाले होते. १४ तारीख आपल्या डोक्यात इतकी पक्की बसलीय की आपण ती २६५ वर्षं मागे नेऊन ठेवली.

सावंत: अरे देवा. शाळेतलं भाषण बाद.

लेले काकू: देशमुख भाऊजी, हे सगळं ठीक. पण आमची दहाला का ते सांगा ना, हा तन्मय इथे तिसरी पोळी खातोय आणि डोकं खातोय ते वेगळंच.

देशमुख काका: वहिनी, तुमचं पंचांग रेवती ताऱ्यापासून राशी मोजतं. दाते, कालनिर्णय वगैरे बाकीचे चित्रा ताऱ्याच्या हिशेबाने. दोन्हींत चारेक अंशांचा फरक, सूर्य दिवसाला एक अंश चालतो, म्हणून चार दिवस. रेवतीचा पक्ष केरो लक्ष्मण छत्र्यांचा. ते टिळकांचे गुरू. जुन्या ग्रंथांवरून केलेलं गणित आकाशाशी जुळेना, ग्रहणांच्या वेळा चुकायला लागल्या, तेव्हा छत्र्यांनी युरोपातल्या नव्या कोष्टकांवरून पंचांग करायला घेतलं. तुमच्या घरात सनातनी म्हणून जे पंचांग आहे ते त्या काळातलं बंडखोर पंचांग होतं. चित्रेची बाजू व्यंकटेश बापूजी केतकरांनी लावून धरली. पुढे केंद्र सरकारची पंचांग सुधारणा समिती बसली, अध्यक्ष मेघनाद साहा. १९५५ च्या अहवालात सरकारी पंचांगासाठी चित्राच धरली, तिथे विषय मिटला. रत्नागिरी सोडून 🙂

लेले काकू: आमच्याकडे विषय मिटत नाही हो. २०२३ आठवतंय का? तुमचा अधिक श्रावण, आमचा नाही. आमचे गणपती २० ऑगस्टला बसले, तुमचे १९ सप्टेंबरला. मूर्तिकाराला आधीपासून सांगून ठेवलं होतं, तरी मूर्ती मिळाली तेव्हा रंग ओला, शाडूचा वास येत होता. बाजारात ना मखर, ना केवड्याचं पान. ह्यांच्या ऑफिसात रजा मागितली तर साहेब म्हणाले, गणपती पुढच्या महिन्यात आहेत, आजारी असाल तर तसं सांगा. आरतीला आम्ही चौघं. तुम्ही सगळे आलात ते मोदकाला, तेही पितृपक्ष आहे का म्हणून विचारत.

कांबळे मॅडम: 😂😂 मीच विचारलं होतं ते.

शेख (सी-४०३): काकू, महिन्याचा घोळ आम्हाला नवीन नाही. आमच्याकडे अधिक महिनाच नाही, सगळं चंद्रावर. रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. लहानपणी थंडीत रोजे केलेत, नंतर भर मे महिन्यातही केले. आता परत थंडीकडे चाललोय.

देशमुख काका: अगदी. बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस. तुम्ही ते तसेच ठेवलेत, आम्ही अधूनमधून एक महिना घालून ऋतूंना धरून राहायचा प्रयत्न करतो.

मृणाल (ए-४०४, सध्या मेलबर्न): सगळ्यांना हॅलो! इथे २१-२२ डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, आणि आता दिवस लहान होत चाललाय. आमच्या मंडळात तरी सगळ्या जणी काळ्या साड्या नेसून उन्हात बसतात, काळं ऊब धरतं म्हणून. बाहेर तापमान ३८.

लेले काकू: मृणाल, तिळाचे लाडू तरी कमी कर गं त्या उन्हात.

पाठक काका: सगळं ऐकतोय. पण मुद्दा हा की आपल्याकडे सगळं आधीच माहीत होतं. आर्यभटाने सांगितलं पृथ्वी फिरते. कोपर्निकसच्या हजार वर्षं आधी.

तन्मय: काका, आर्यभट ग्रेट, मान्य. ४९९ मध्ये लिहिलं, तेव्हा वय २३. माझ्याएवढा. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणाला, सूर्याभोवती नाही. आणि ऐकलं कोणी त्याचं?

देशमुख काका: हे मात्र तन्मयचं बरोबर. नावेतून जाताना काठावरची झाडं उलटी पळताना दिसतात तसे तारे, असं त्याने लिहिलं. त्यावर आपल्याच लोकांनी झोड उठवली. वराहमिहिराचा आक्षेप असा की पृथ्वी फिरत असती तर उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतात? ब्रह्मगुप्तही विरोधातच. नंतरच्या काहींनी तर आर्यभटाच्या ओळींचा अर्थच फिरवला.

पाठक काका: मग वराहमिहिर चूक म्हणायचं का?

देशमुख काका: तिथे चूक. पण हाच वराहमिहिर दुसरीकडे काय म्हणतो ते बघा, मला त्याच्याइतका आधुनिक माणूस दुसरा दिसत नाही. जुन्या शास्त्रात, वेदांग ज्योतिषात, उत्तरायण धनिष्ठा नक्षत्रात सुरू होतं असं सांगितलंय. वराहमिहिर सहाव्या शतकातला. तो लिहितो, तसं पूर्वी कधीतरी नक्की असणार, नाहीतर शास्त्रात आलं नसतं. पण सध्या ते मकरेच्या आरंभी होतं, आणि फरक वाटत असेल तर प्रत्यक्ष बघून खात्री करा. वेदांगावर निष्ठा असलेला माणूस म्हणतोय की ग्रंथात एक आहे, आकाशात दुसरं दिसतंय, आता आकाशाप्रमाणे लिहा. त्याने मकर म्हटलं ते बघून म्हटलं. आपण मकर म्हणतो ते त्याने म्हटलं म्हणून. आज तो असता तर त्याने नोटीस २१ डिसेंबरची लावली असती.

सावंत: काका, हळदीकुंकवाची तारीख बदलणार नाही. केटररला ॲडव्हान्स गेलाय.

देशमुख काका: नका बदलू. सण सणाच्या दिवशीच होऊ द्या. फक्त त्यावर उत्तरायण प्रारंभ असं लिहिलंय, तेवढं काढा.

पाठक काका: सूर्यसिद्धांतात तर हे सरकणंही दिलं आहे. अयनचलन. ते तरी मान्य करा.

देशमुख काका: मान्यच आहे, आणि वर्षाला ५४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हा त्यातला वेग आजच्या ५०.३ च्या किती जवळ आहे बघा. पण त्यात ते एका दिशेने जात नाही. २७ अंश जाऊन परत फिरतं, झोका घेतं. ४९९ साली शून्य धरलं तर त्या हिशेबाने २२९९ मध्ये ते थांबून उलटं यायला हवं. आजचं शास्त्र म्हणतं थांबणार नाही, पूर्ण वर्तुळ घेणार. पाठक, तुमचा-माझा पैजेचा निकाल २२९९ ला.

पाठक काका: तोवर सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं तर बघू.

कांबळे मॅडम: काका, मुलांचा एक प्रश्न अडलाय. दिवस डिसेंबरपासून मोठा होतोय, मग सकाळी अजून उशिरा का उजाडतं? शाळेची बस अंधारात येते.

देशमुख काका: चांगला प्रश्न आहे, आणि खरंच उशिरा उजाडतं. पुण्यात सगळ्यात उशिराचा सूर्योदय संक्रांतीच्या आसपासच असतो, सातच्या पुढे. पण संध्याकाळ बघा. नोव्हेंबरअखेर सहाच्या आत मावळायचा, आता सव्वासहाच्या पुढे जातोय. सकाळी जेवढं गमावतो त्याहून जास्त संध्याकाळी मिळतं. झालंय असं की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि जोरात पळते, त्यात आस कललेला. त्यामुळे खरी दुपार, म्हणजे सूर्य डोक्याशी येण्याची वेळ, या दिवसांत रोज थोडी थोडी पुढे सरकते. सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही तिच्याबरोबर ओढले जातात.

तन्मय: हे मला इंजिनिअरिंगलाही कोणी सांगितलं नव्हतं.

देशमुख काका: सांगून कळत नाही रे, बघावं लागतं. आमची गॅलरी पूर्वेची. एकाच जागी खुर्ची ठेवायची, एक डोळा मिटून ग्रिलमधून बघायचं. २१ डिसेंबरला सूर्य समोरच्या मोबाईल टॉवरला लागून उगवला, तिथे ग्रिलवर हिच्या नेलपॉलिशने खूण केली (परवानगी नंतर घेतली). आज सकाळी तो खुणेच्या डावीकडे तीन सूर्य मावतील एवढा सरकलेला होता. मात्र पहिले काही दिवस काहीच कळत नाही, सूर्य जागचा हलत नाही असंच वाटतं. म्हणून परत फिरण्याचा नेमका दिवस नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड, आणि म्हणूनच जुन्या लोकांचा हिशेब एखाद-दुसऱ्या दिवसाने चुकला तर मी त्यांना नावं ठेवत नाही.

लेले काकू: आमच्या लग्नात गुरुजींनी ध्रुव दाखवला होता, अढळ म्हणून. तोही सरकतो का मग?

देशमुख काका: सरकतो वहिनी. सध्याचा ध्रुवतारा उत्तर ध्रुवापासून साधारण पाऊण अंशाच्या आत आहे, रोज छोटासा फेरा मारतो. पाचेक हजार वर्षांपूर्वी त्या जागी ठुबान तारा होता. आणखी बारा हजार वर्षांनी अभिजितवर पाळी. पण अरुंधती दाखवतात ना, ते छान आहे. वसिष्ठाला चिकटून बारीक तारा दिसला तर नजर चांगली. दुर्बिणींनी त्या दोन ताऱ्यांचे सहा केलेत. वसिष्ठ चार, अरुंधती दोन.

लेले काकू: म्हणजे एकत्र कुटुंब आहे.

कांबळे मॅडम: मुलांना दाखवता येईल का गच्चीवरून?

देशमुख काका: ध्रुव नाही दिसणार, पुण्यातून तो जेमतेम १८ अंश वर असतो, तिथे शेजारची नवी बिल्डिंग आलीय. सप्तर्षी या दिवसांत रात्री आठनंतर एकेक करून उगवतात, अरुंधतीसाठी मध्यरात्र उलटायला हवी. पोरांसाठी अगस्त्य बरा. साडेदहा-अकराला दक्षिणेला, गॅस गोदामाच्या वर, एकटा आणि ठसठशीत. व्याधाच्या खालोखाल सगळ्यात तेजस्वी तारा तोच.

सावंत: गच्चीची किल्ली वॉचमनकडून घ्यावी व नोंदवहीत सही करावी. सोलरच्या पाइपांवर कोणी बसू नये, मागच्या कोजागरीला दोन तुटले आहेत.

लेले काकू: आणि १४ ला एकादशी आहे बरं का. ज्यांचा उपास असेल त्यांनी सावंतांना आत्ताच कळवा. केटररकडे पुरणपोळी आहे, साबुदाणा नाही.